मदत हवी: हायक्रॉस हायब्रिड की इन्व्हिक्टो? शनिवारी टोकन द्यायचंय

दुर्वांकुर
नमस्कार मंडळी. डोकं पिकलंय, म्हणून थेट विचारते. टोयोटाची इनोव्हा हायक्रॉस हायब्रिड घ्यावी की मारुतीची इन्व्हिक्टो? सात माणसं बसली पाहिजेत, ऑटोमॅटिक हवी, हायब्रिडच (पेट्रोल इंजिन अधिक विजेची मोटर) हवी. नवरा म्हणतो, दोन्ही एकच, लवकर मिळेल ती घे. दीर म्हणतो, टोयोटाचाच लोगो हवा, विकताना कळेल. शनिवारी टोकन द्यायचंय. 'थोडं बजेट वाढवा' कृपया सांगू नका.

आकडेमोड
बजेट लिहिलंयत कुठे, वाढवायला? शहर कुठलं, महिन्याला किती किमी, तिसऱ्या रांगेत कोण बसणार? त्याशिवाय काय सांगणार.

घाटवळण
हायब्रिडचा नाद सोडा, टोयोटाचीच जुनी इनोव्हा क्रिस्टा डिझेल घ्या. माझी दोन लाख किमी झाली, क्लच सोडून कशाला हात लावलेला नाही. हायक्रॉस पुढच्या चाकांवर ओढते. सात माणसं, वर सामान आणि भर पावसात ओला चढ, पुढचं चाक जागच्या जागी फिरतं. शिवाय चढावर इंजिन नुसतं बोंबलतं, गाडी आपल्या चालीने जाते.

आकडेमोड
@घाटवळण, क्रिस्टा डिझेल आता फक्त मॅन्युअलमध्ये येते. बाईंनी पहिल्याच ओळीत ऑटोमॅटिक लिहिलंय. (बरं, दुसऱ्या.)

निवांत_काका
अर्टिगा घ्या की. तीही हायब्रिड, सात सीटर, आणि पैसे निम्मे. आमच्या मेव्हण्याने घेतली, खूश आहे.

जुनी_बॅटरी
काका, अर्टिगाची ती 'स्मार्ट हायब्रिड'. मोटर इंजिनाला नुसता हात लावते, एकट्याने गाडी ओढत नाही. हायक्रॉस-इन्व्हिक्टोत कमी वेगाला इंजिन बंद राहून गाडी मोटरवर चालते. सायकल मागून ढकलणारा आणि स्वतः सायकल मारणारा, एवढा फरक.

निवांत_काका
मेव्हण्याला हे सांगू नका.

दुर्वांकुर
ठाण्यात राहतो. रनिंग फार नाही, नवरा ट्रेननेच जातो. पण वर्षातून चार-पाच वेळा गुहागर, गणपतीला नक्की. बजेट ऑन रोड ३२ लाखांपर्यंत. आता सांगा.

आकडेमोड
'रनिंग फार नाही' म्हणजे महिन्याला हजार किमी धरू. हायक्रॉसचंच साधं पेट्रोल मॉडेल शहरात लिटरला १० किमी देईल, हायब्रिड १६. वर्षाला १२,००० किमी म्हणजे १,२०० लिटर विरुद्ध ७५०. वाचले ४५० लिटर, १०४ च्या भावाने सत्तेचाळीस हजार. दोन्हींच्या किमतीत फरक सहा लाखांच्या आसपास. फिटायला बारा-तेरा वर्षं. महिन्याला दोन हजारच्या वर फिरणाऱ्यानेच हायब्रिड घ्यावी.

जुनी_बॅटरी
हे गणित कागदावर बरोबर, पण गणपतीत माणगावला अडकून बघा. दोन तास गाडी रांगते. माझ्या हायब्रिडमध्ये एसी हाय व्होल्टेज बॅटरीवर चालतो, इंजिन मधूनमधून चार्ज करायला सुरू होतं नि पुन्हा गप्प. मागे आई झोपलेली असते. या शांततेचे लिटर कसे मोजणार?

तुम्ही गाडी कमी वापरणार, तर महत्त्वाचं: ती महिनाभर नुसती उभी ठेवू नका. मोठी बॅटरी ठीक असली तरी साधी १२ व्होल्टची उतरली की गाडी जागीच होत नाही. मी तीन आठवडे परगावी होतो, परत आलो तर साधं लॉकही रिमोटने उघडेना. शेजाऱ्यांच्या अल्टोने जीव घातला. मोठ्या बॅटरीला मात्र आठ वर्षं किंवा १,६०,००० किमीची वॉरंटी आहे, ती भीती नको.

खवळे_मासे
माणगावचं नाव काढलंत म्हणून विचारतो, बायपास झाला का हो? कशेडीचा बोगदा झाल्यापासून तो घाट तरी टळतो. आम्ही गेल्या वर्षी ठाण्याहून चिपळूणला बारा तासांत.

घाटवळण
बारा? नशीबवान आहात.

वाहनशुद्धी
दोन्ही गाड्या एसयूव्ही नाहीत, एमपीव्ही (जास्त माणसं न्यायच्या फॅमिली गाड्या) आहेत. कंपनी चेहरा उभा करते म्हणून जात बदलत नाही. तीन रांगांची खरी एसयूव्ही हवी तर डिझेलच घ्या.

विजेरी
कशाला हे अर्धवट? किआची कॅरेन्स क्लॅव्हिस ईव्ही घ्या, पूर्ण विजेवरची, सात सीटर आहे. आणि डिझेल तर दहा वर्षांत भंगारात जाणार.

आकडेमोड
दहा वर्षांचा नियम दिल्ली एनसीआरचा. ठाणे अजून महाराष्ट्रात आहे.

दुर्वांकुर
ईव्ही नको, सोसायटीत चार्जरवरून आधीच दोन गट पडलेत. आणि कोणीतरी मूळ प्रश्नाचं उत्तर देईल का? तिसऱ्या रांगेत मुलं बसतील. सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशन्स झालीत, त्या मध्ये.

वाशिष्ठीकाठ
हे आधी सांगायचं ना ताई! सगळा धागा फिरला. तुमचे यजमान बरोबर आहेत, दोन्ही गाड्या कर्नाटकातल्या बिडदीच्या एकाच टोयोटा कारखान्यात बनतात, तेच दोन लिटरचं इंजिन, तीच मोटर. हायक्रॉसच्या वरच्या मॉडेलला मधल्या सीटवर पाय टेकायला ऑटोमन मिळतं, इन्व्हिक्टोत नाही. पण ते तुमच्या ३२ मध्ये बसणार नाही, सोडा.

लोगो राहू दे. मधे दोन वेगळ्या सीट असलेलं सात सीटरच घ्या, आठ सीटर नको. वेगळ्या सीटमधल्या वाटेने मुलं मागे जातात, सासूबाईंना प्रत्येक थांब्यावर उठावं लागत नाही. आणि त्यांना शोरूममध्ये न्या. स्वतः चढू द्या, उतरू द्या, पाच वेळा. क्रिस्टाला पाय जास्त उचलावा लागतो, माझ्या आईने तिथेच नकार दिला होता.

तिन्ही रांगा भरल्यावर मागे दोन बॅगा, फार तर नारळाचं पोतं. त्याचं आधी ठरवा.

जुनी_बॅटरी
+१. आणि ॲक्सेसरीजचं पॅकेज घेतलं तर डिलिव्हरी लवकर, असं सेल्समन म्हणाला तर लेखी मागा. मला एका डीलरने साठ हजारांचं क्रोम चिकटवलं. गाडी आली त्याच तारखेला.

खवळे_मासे
ठाण्यात ना? पार्किंग कसलं आहे? पझल (गाड्या पॅलेटवर एकावर एक ठेवणारं यांत्रिक पार्किंग) असेल तर उंची बघितलीत का? ही गाडी पावणेपाच मीटर लांब आणि जवळजवळ १.८ मीटर उंच आहे.

दुर्वांकुर
अरे देवा.

दुर्वांकुर
आत्ता खाली जाऊन पाहून आले. पझलच आहे, आमचा पॅलेट वरचा. पाटीवर लिहिलंय १५५० मिमी. आमची सध्याची गाडी सेदान आहे, त्यामुळे आजवर ती पाटी कोणी वाचलीच नव्हती. सेक्रेटरी म्हणतात, खालचा उंच पॅलेट ४०२ वाल्यांकडे आहे, ते तिथे हॅचबॅक ठेवतात, अदलाबदलीला तयार झाले तर बघू. ते गावी गेलेत, रविवारी येतील. शनिवारचं टोकन पुढे ढकललं. सासूबाईंना मात्र उद्याच शोरूमला नेते.

खवळे_मासे
४०२ वाल्यांचं गाव कुठलं? कोकणातलं असेल तर गणपतीला लिफ्ट देते म्हणावं.