मदत हवी आहे: थकबाकीची यादी निघते, पण सगळ्यात मोठे थकबाकीदारच गायब

नमस्कार मंडळी,

आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशेब मी मायएसक्यूएल ८ या डेटाबेसमध्ये ठेवतो. हौसेचं काम, शिकलोय तेही चुकतमाकत. टेबलं दोनच: 'सदनिका'मध्ये वर्षाची आकारणी, 'पावत्या'मध्ये भरलेली रक्कम. रविवारी सभा आहे आणि सेक्रेटरींना ५,००० च्या वर बाकी असलेल्यांची यादी हवीय.

बाकी कुठे साठवलेली नाही. सिलेक्टमध्येच (काय दाखवायचं ते सांगणारा भाग) आकारणीतून सम(रक्कम), म्हणजे भरलेल्या रकमांची बेरीज, वजा केली आणि त्याला 'बाकी' नाव दिलं. सदनिकांना पावत्या लेफ्ट जॉइन (पावती नसली तरी सदनिका राहते), व्हेअरमध्ये (ओळी गाळणारी अट) पावतीची तारीख १ एप्रिलपासूनची, सदनिकेवर ग्रुप बाय (दर सदनिकेची एक ओळ). त्याच व्हेअरमध्ये 'बाकी > ५०००' जोडलं की एरर १०५४, अननोन कॉलम. ऑर्डर बायला (यादीचा क्रम लावणारा भाग) मात्र हीच 'बाकी' बिनतक्रार चालते! नावाऐवजी अख्खं सूत्र टाकलं तर एरर ११११, म्हणजे बेरीज इथे चालत नाही.

शेवटी हॅविंगमध्ये (बेरजेनंतर लागणारी अट) टाकलं, ९ नावं आली. पण ३०४ वाल्यांनी वर्षभरात छदामही दिलेला नाही, पूर्ण २४,००० बाकी, आणि नेमके तेच यादीत नाहीत. कुठे चुकतंय?

प्रतिसाद:
व्हेअर चालतो तेव्हा बेरीज झालेलीच नसते, मग 'बाकी' त्याला कुठून दिसणार? ऑर्डर बाय सगळ्यात शेवटी, म्हणून त्याला दिसते. हॅविंग बरोबर आहे. (पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये हॅविंगलाही हे नाव चालत नाही. तिथे सूत्र पुन्हा लिहायचं, नाहीतर सगळं सबक्वेरीत (आतल्या क्वेरीत) घालून बाहेरून व्हेअर लावायचा.)
३०४ ची पावतीच नाही, म्हणजे सम नल (मूल्यच नाही, शून्यही नाही). २४,००० वजा नल हेही नलच, आणि नल ५,००० हून मोठा ठरत नाही. कोअलेस(सम(रक्कम), ०) करून बघा, म्हणजे नलच्या जागी ० धरला जाईल.

धागाकर्ता:
केलं. तरी ९ च.

प्रतिसाद:
अरे हो, तारखेची अट! लेफ्ट जॉइनने ३०४ ची ओळ आणली, पण तिच्यात तारीखही नल, त्यामुळे व्हेअरने ती बेरजेआधीच उडवली. ती अट व्हेअरमधून काढून जॉइनच्या ऑनमध्ये (ओळी कशा जुळवायच्या ती अट) न्या. कोअलेस राहू द्या, दोन्ही लागतं.

धागाकर्ता:
आली! आता ११ नावं. ३०४ सगळ्यात वर, आणि नव्याने आलेलं दुसरं नाव खुद्द सेक्रेटरींचं. यादी सभेआधी त्यांना एकट्यालाच दाखवतो.