मदत हवी आहे: छातीत टोचतं, धडधडतं, ईसीजी, इको, टीएमटी सगळं नॉर्मल. आता कुणाला दाखवू?

व्हीएमसीवाला

नमस्कार मंडळी. वय २७, राहायला नाशिकला सिडकोत, नोकरी अंबड एमआयडीसीत व्हीएमसी मशीनवर (धातूचे पार्ट कापायचं मशीन), तिन्ही शिफ्ट फिरत्या. उंची पाच फूट दहा, वजन ६४. बीपी, शुगर नाही. तंबाखू खात नाही, नाईटला चहाबरोबर एखादी सिगारेट होते.

दिवाळीनंतर छातीच्या डाव्या बाजूला त्रास सुरू झाला. कधी बसल्या बसल्या एकदम सुई टोचते, श्वास पूर्ण घेताच येत नाही आणि मिनिटभरात सगळं गायब. कधी दिवसभर मंद दुखत राहतं. आणि नाईटला पहाटे तीन-चारच्या सुमारास जळजळ, मग धडधड, बोटांना मुंग्या, तळहाताला घाम. त्या वेळी खरंच वाटतं की आता आपलं काही खरं नाही.

ईसीजी झाला, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला, टीएमटी (पट्ट्यावर चालवून-पळवून काढतात तो ईसीजी) पण झाली. टीएमटीला ठोके १७० च्या वर गेले, तरी काही निघालं नाही. छातीचा एक्स-रे साफ. डॉक्टर म्हणाले, "गॅस आहे, टेन्शन घेऊ नका," आणि पँटोप्राझोल ही ॲसिडिटीची गोळी लिहून दिली. जळजळ थोडी कमी झाली, टोचणं तसंच.

टेन्शन घेऊ नका म्हणणं सोपं आहे हो. आमच्याच लाईनवरचा एक जण, वय ३४, हल्लीच झोपेत गेला. तेव्हापासून घरचे मला रोज विचारतात आणि मी रोज "ठीक आहे" म्हणतो.

प्रश्न असा: हार्ट नाही तर मग काय? आणि पुढे कुणाकडे जायचं? परत कार्डिओलॉजिस्ट, पोटाचा डॉक्टर, की हाडांचा?

सिडकोकर

भाऊ, ओवा आणि काळं मीठ कोमट पाण्यातून घे. नाभी सरकली असेल तरी असंच होतं. पवननगरला एक बाबा आहेत, एका झटक्यात बसवतात.

तर्रीबाज

नाभीबिभी सोडा राव, पोराला घाबरवू नका. मला सेम जळजळ होती. नाईट सुटली की गरवारे पॉइंटला मिसळ, वर दोन वेळा तर्री, आणि घरी येऊन लगेच आडवं. महिनाभर तर्री बंद केली आणि जेवणानंतर दोन-तीन तास आडवं व्हायचं नाही असं ठरवलं, बराच फरक पडला. पँटोप्राझोल सकाळी उपाशीपोटी, खाण्याच्या अर्धा तास आधी घेतोस का? चहानंतर घेतलीस तर म्हणावा तसा उपयोग होत नाही.

स्टेथो

मी एमडी मेडिसिन आहे, नाशिकमध्ये प्रॅक्टिस करत नाही, त्यामुळे कुणाचं नाव सुचवणार नाही. इथे वाचून निदान होत नसतं, हे आधीच सांगतो. पण तुमची पोस्ट नीट वाचली तर तुम्ही एक नाही, तीन वेगळे त्रास सांगताय, आणि प्रत्येक वेळी डॉक्टरांसमोर ते "छातीत दुखतं" या एका वाक्यात जात असणार. समोरचा मग एकाच त्रासाची गोळी देतो.

पहिला, टोचणारा. बसलेलं असताना, बहुतेक पाठ वाकवून; श्वास घेताना वाढतो, काही सेकंद ते दोन-तीन मिनिटं राहतो, मागे काही ठेवत नाही. तरुण मुलांमध्ये हे खूप दिसतं. याला प्रीकॉर्डियल कॅच म्हणतात. १९५५ मध्ये मिलर आणि टेक्सिडोर यांनी हे नाव दिलं. निरुपद्रवी असतं, औषध लागत नाही.

दुसरा, दिवसभराचा मंद. इथे मला एक गोष्ट हवी आहे. एका बोटाने दुखणारी जागा दाखवता येते का? उरोस्थीची, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाची, डावी कड बोटाने वरून खाली दाबत या. जिथे बरगडीची कूर्चा त्या हाडाला मिळते तिथे दाबल्यावर "हेच ते" असं दुखलं, तर कॉस्टोकाँड्रायटिसचा, म्हणजे त्या सांध्याच्या सुजेचा संशय घ्यायला जागा आहे. तिथे डोळ्यांना दिसेल असा फुगवटाही असेल तर त्याला टिट्झ सिंड्रोम म्हणतात. फक्त दाबून दुखलं म्हणजे हृदय शंभर टक्के नाही असा अर्थ काढू नका. पण तुमचे रिपोर्ट आणि हे, दोन्ही मिळून बरंच काही सांगतात.

तिसरा पहाटेचा. त्यात ॲसिडिटी आहेच, पण धडधड आणि मुंग्या ॲसिडिटीच्या नाहीत. त्याबद्दल नंतर.

मशीनवर नक्की काय काम असतं? अलीकडे ताप येऊन गेला होता का? आडवं पडल्यावर वाढतं आणि पुढे वाकल्यावर कमी होतं असं आहे का? आणि घरात कुणाला कमी वयात हृदयाचा त्रास, किंवा अचानक मृत्यू?

व्हीएमसीवाला

सर, खूप आभार. आत्ता दाबून बघितलं. वरून तिसऱ्या-चौथ्या बरगडीपाशी एक जागा सापडली, तिथे बोट टेकवलं तरी डोळ्यात पाणी आलं. उजव्या बाजूला त्याच ठिकाणी काहीच नाही.

काम म्हणजे जॉब (कापायचा पार्ट) फिक्स्चरवर चढवायचा आणि क्लॅम्प करायचा. मशीनचं दार अर्धं उघडतं, त्यामुळे डावा हात आत लांब घालून, अंग पिळून पाना ओढावा लागतो. दिवाळीनंतर नवीन पार्ट आलाय, जड आहे. हे मी कधी जोडलंच नव्हतं!

ताप नाही. वाकल्याने फरक नाही. वडिलांना बीपी, बाकी कुणाला काही नाही. आणि हो, पाठ दुखते म्हणून मेडिकलमधून पेनकिलर आणून घेतो अधूनमधून.

स्टेथो

ती पेनकिलर थांबवा. या गोळ्या पोटाच्या अस्तराला त्रास देतात. एका हाताने पँटोप्राझोल आणि दुसऱ्या हाताने ही, असं चाललंय. बरगडीच्या सुजेला गोळी लागलीच तर ती डॉक्टर पोट बघून, ठरावीक दिवसांसाठी देतील. तोवर गरम शेक, वरून लावायचं जेल, आणि जमल्यास सुपरवायझरला सांगून काही आठवडे तो जड पार्ट दुसऱ्याकडे. ही सूज हळू उतरते, कधी कधी महिने लागतात. मध्येच परत दुखलं म्हणून दचकू नका.

पहाटेच्या धडधडीसाठी हिमोग्लोबिन आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) करून घ्या. रक्त कमी असणं आणि थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करत असणं, दोन्हींत ठोके वाढतात. चोवीस तासांचा हॉल्टर (अंगावर बांधून ठेवायचं छोटं ईसीजी यंत्र) लावला तर त्या वेळची नोंद हातात येते. दहा सेकंदांच्या ईसीजीत ती सापडेलच असं नाही. नाईटला चहा किती, हेही मोजा.

कुणाकडे जायचं? चांगल्या फिजिशियनकडे. तीन त्रास तीन कागदांवर लिहून न्या. तुम्ही आत्ता पोटवाला, हाडवाला, हार्टवाला असे फिरलात तर प्रत्येक जण आपापला तुकडा बघेल.

लिपिड (कोलेस्टेरॉल) आणि शुगरही एकदा होऊन जाऊ दे. वय कमी म्हणून आपण सुटलो असं नसतं: इंटरहार्ट या ५२ देशांतल्या अभ्यासात पहिल्या हार्ट अटॅकचं वय दक्षिण आशियात ५३ च्या आसपास निघालं, बाकी जगात ५९ च्या जवळ. सिगारेट "एखादी" असली तरी ती याच हिशेबात येते.

आणि हे सगळ्यांसाठी. छातीवर दाब किंवा आवळल्यासारखं, चालताना-जिने चढताना येणारं, जबड्यात किंवा हातात जाणारं, दरदरून घाम, चक्कर येऊन पडणं: यातलं काही झालं तर जुने रिपोर्ट नॉर्मल आहेत म्हणून घरी बसायचं नाही, १०८ ला फोन. उंच, सडपातळ, सिगारेट ओढणाऱ्या पोराला एकाएकी एका बाजूला जोरात दुखून दम लागला तर फुप्फुसातून हवा गळालेली असू शकते. तेव्हाही थेट इमर्जन्सी. महिन्यापूर्वीचा साफ एक्स-रे तिथे कामाचा नाही.

गोदाकाकू

बाळा, पहाटेचं वाचून माझा मुलगा आठवला. त्याचा जवळचा मित्रही असाच अचानक गेला आणि नंतर याला रात्री धडधड, मुंग्या, तोंडाभोवती बधिरपणा. पॅनिक अटॅक निघाले. घाबरला की भराभर श्वास घ्यायचा, त्यानेच मुंग्या येतात, मग मुंग्यांना घाबरायचा. थायरॉइड वगैरे नॉर्मल आल्यावर फिजिशियननेच मानसोपचार तज्ज्ञांकडे पाठवलं. आमच्या घरात आधी "आपल्याकडे असलं काही नसतं" झालं, पण गेला. आता गोल्फ क्लब मैदानावर रोज धावतो.

तुझ्या लाईनवरचा तो मुलगा गेला त्याबद्दल कुणाशी बोललास का रे?

व्हीएमसीवाला

नाही काकू. शेजारच्याच मशीनवर असायचा. दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी नवीन पोरगा आला, टार्गेट तेवढंच. फिजिशियनना हेही सांगतो.

खर्चाचं विचारायचं होतं. ईएसआय (कामगार विमा) कार्ड आहे.

तर्रीबाज

मग काय, पगार २१ हजारांच्या आत असणार. कार्ड घेऊन सातपूरच्या ईएसआय हॉस्पिटलला जा. आधी ओपीडीत दाखव, तिथे सोय नसेल तर रेफरचं विचार. सकाळी लवकर जा, रांग असते.

व्हीएमसीवाला

धन्यवाद दादा. स्टेथो सर, शेवटचं एक. हॉल्टर सुट्टीच्या दिवशी लावू की नाईट असताना? घरचे म्हणतात आराम असेल तेव्हा लाव.

स्टेथो

नाईटलाच. ज्या रात्री त्रास होतो तीच पकडायची आहे. धडधड झाली की घड्याळ बघून वेळ लिहा, तेव्हा काय करत होतात तेही. नाहीतर रिपोर्ट वाचणाऱ्याला ताळा लागत नाही. अंघोळ आधी उरकून घ्या, आणि मशीनवर असाल तर कूलंटचे शिंतोडे वायरींवर येणार नाहीत असा जाड शर्ट घाला.