वाळूवरचा मासा: आधी पर की आधी ठिपके?

(चौघा सोलापूरकरांचा वाद, ज्याच्या त्याच्या भागाच्या नावाने.)

जुळे सोलापूर: डिसेंबरात अंदमानला डायव्हिंगला निघालेल्यांसाठी. प्रवाळाच्या कडेला वाळूवर बसलेला मासा दिसला की रंग विसरा, पाठीचा पर बघा. डोक्यामागून शेपटीपर्यंत सलग पर असेल तर सँडपर्च. पाठीच्या मधोमध आखूड पर, शेपटीजवळ नखाएवढा मांसल पर आणि तोंड मिटूनही दिसणारे दात, तर लिझर्डफिश. बोंबलाच्याच कुळातला, आपला चोर बोंबील. पाठीवर दोन सुटे पर आणि पोटाचे पर जुळून वाटी झालेली, तर गोबी. चादर पारखताना वीण बघतात, रंग नाही.

कन्ना चौक: वीण सगळ्या चादरींची तीच बे, नक्षीवरूनच कळतं कुठली ते! बसलेल्या गोबीची पोटाखालची वाटी कुणाला दिसते? सलग पर तर ब्लेनीलाही असतो. आणि परावरून कूळ कळेल, जात नाही. सँडपर्चमधली एक जात, पॅरापर्सिस हेक्सॉफ्थाल्मा, ओळखायची ती शेपटीवरच्या मोठ्या काळ्या डागावरूनच.

जुळे सोलापूर: ब्लेनीचं राहिलं, मान्य. तिचं तोंड बोथट, बऱ्याचदा डोळ्यांवर तुरे, सँडपर्चचं निमुळतं. पण त्याच हेक्सॉफ्थाल्माच्या गालावर बघा: नराला तिरप्या रेघा, मादीला ठिपके. नक्षीवर विसंबलात की एका माशाच्या दोन जाती झाल्या! त्यात सँडपर्चच्या बऱ्याच जातींत मादीचाच पुढे नर होतो.

कन्ना चौक: गालावर जाऊ नका ना. डाग दोघांच्याही शेपटीवर आहेच की.

सात रस्ता: भांडा खुशाल, पण फोटो वरून काढलात तर पर नाही आणि डागही नाही. वाळूपासून हातभर वर तरंगत, फिनने गाळ न उडवता, बाजूने जायचं. दीड मीटरवर थांबायचं. पर मिटलेला असेल तर वाट बघा, जागा बदलताना तो उभारतो. एक फोटो पूर्ण बाजूचा, एक डोक्याचा. 10 मीटरवर लाल रंग करडा-तपकिरी दिसतो, म्हणून टॉर्च हवाच, पण तिरका. डोळ्यांत मारला की मासा पसार. लांबी लिहिताना पाव भाग वजा करा: मास्कमधून 15 सेंटीमीटरचा मासा 20 चा वाटतो.

अशोक चौक: पर बघायच्या नादात हातपाय टेकू नका राव. तोंड वर वळलेला, शेवाळल्या दगडासारखा दिसणारा तो स्टोनफिश. पाठीवर 13 विषारी काटे. टोचला तर लगेच वर आणायचं, पण चढण्याचा वेग सांभाळून. मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात, 45 अंशांच्या वर नाही, 30 ते 90 मिनिटं पाय बुडवून ठेवायचा आणि दवाखाना गाठायचा. पाणी आधी धडधाकट पायावर तपासा, दुखऱ्या पायाला चटका कळत नाही.