पाच वर्षांआधी रेघांची वही नको, बालवाडीत हातांना काम द्या

रानजाई
जूनमध्ये बालवाडी उघडली की पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "वही कधी आणायची?" दुसरा त्याच्या मागोमाग येतो: "दिवाळीपर्यंत शंभरपर्यंत आकडे होतील ना?" मी बालवाडीत शिकवते. माझं मत असं, की पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत मुलाला रेघांची वही देऊ नये. तोवर त्याच्या हातांना खरं काम द्यावं. ज्यांना हे पटत नाही त्यांनी जरूर लिहा, मला ती बाजूही ऐकायची आहे.

काम म्हणजे वाटाण्याच्या शेंगा सोलणं, चमच्याने एका वाटीतले तांदूळ दुसऱ्या वाटीत घालणं, कणीक तिंबणं, मोठ्या भोकाचे मणी ओवणं, भेंडीचे ठसे उमटवणं, सदऱ्याची बटणं लावणं नि काढणं. शेंग सोलताना अंगठा आणि दोन बोटं जी हालचाल करतात, तीच पुढे पेन्सिल धरताना लागते. मनगटात आठ छोटी हाडं असतात. चार वर्षांच्या मुलात त्यांतली काही अजून कूर्चाच असतात. अशा हाताकडून पानभर 'अ' गिरवून घेतला की मूल पेन्सिल मुठीत आवळतं, खांदा वर चढवतं, आणि ती सवय पुढे सुटता सुटत नाही.

आकड्यांचंही तेच. शंभरपर्यंत घडाघडा म्हणणाऱ्या मुलासमोर सात चिंचोके ठेवा आणि "किती?" विचारा. तोंड पुढे पळतं, बोट मागे राहतं, एखादा चिंचोका दोनदा मोजला जातो. एका वस्तूला एकच आकडा, ही गोष्ट चिंचोके एकेक उचलून बाजूला ठेवताना कळते. पाठांतराने ती कळत नाही.

हे शहरी फॅड आहे असं कुणी म्हणू नये. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ मध्ये काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडला गेलं. तिथल्या आदिवासी पाड्यांवर विकतचं साहित्य परवडणारं नव्हतं, म्हणून त्यांनी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे वापरले. मुलं बालवाडीत येत नव्हती तर बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. २०२० च्या शिक्षण धोरणाने ३ ते ८ वर्षांचा टप्पा पायाभूत मानला आणि खेळ, कृती यांवर भर दिला. आपल्याकडे ही वाट त्याच्या कितीतरी आधी पडलेली होती.

साधा_बाप
ताई, तुमचा मुद्दा चांगला आहे, पण तो कुणाच्या मुलांसाठी आहे? ज्यांच्या घरी पुस्तकांचं कपाट आहे, आजी रोज रात्री गोष्ट वाचून दाखवते, ती मुलं वर्षभर मातीत खेळली तरी वाचायला शिकतात. आमच्या घरात मी पहिला दहावी पास. माझ्या मुलीला अक्षर दिसतं ते शाळेत आणि बसच्या पाटीवर. शाळेनेही सांगितलं की अक्षरं नंतर, आधी शेंगा सोला, तर ती मागे पडणार. शेंगा तर ती घरी आईबरोबर सोलतेच. त्यासाठी मी फी का भरू?

आणि पहिलीच्या प्रवेशाला एका खासगी शाळेने मुलाखत घेतलीच. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ प्रमाणे अशी चाचणी घेता येत नाही, हे मला माहीत आहे. पण तिथे समोर बसल्यावर कायद्याचा कागद काढणारा बाप आपल्या मुलीचा प्रवेश पणाला लावतो. तिला नाव लिहिता आलं म्हणून आम्ही निभावलो.

रानजाई
मुलाखत बेकायदा आहे, आणि त्या भीतीने सगळ्या बालवाड्यांचा अभ्यासक्रम ठरतो याचंच मला दुःख आहे. घरी शेंगा सोलते म्हणालात, तर तिच्या हातांची निम्मी तयारी तुमच्या स्वयंपाकघरात झाली आहे. शाळेने त्याच शेंगांवर मोजणं, जोड्या लावणं, लहान-मोठं ओळखणं चढवायचं असतं.

पहिलीची_बाई
दोघांनाही थोडं थोडं मान्य. पहिलीत मला दोन प्रकारची मुलं मिळतात. एक, ज्यांनी दोन वर्षं गिरवलंय. त्यांचं अक्षर वळणदार असतं, पण "तुझ्या मनाने काहीतरी लिही" म्हटलं की रडतात. दुसरी, जी खूप खेळली आहेत, हात मोकळा आहे, बोलतात भरपूर, पण पान डावीकडून उजवीकडे भरायचं हेही त्यांना ठाऊक नसतं. दुसऱ्या गटाला मी लवकर मार्गी लावते. पहिल्या गटाची भीती घालवायला वर्ष पुरत नाही. तरीही "पाच वर्षांपर्यंत वही नाहीच" असा नियम मला नको. शेवटच्या वर्षी कोरे कागद आणि जाड खडू रोज हातात असावेत. रेघा मात्र नकोत.

पाड्यावरची_सेविका
सगळे बालवाडीच्या खोलीबद्दल बोलताय, म्हणून माझी खोली सांगते. तीसेक मुलं, मी आणि मदतनीस. सकाळी आहार शिजतो, वाटप होतं, वजन-उंची घ्यायची, मोबाईलवर पोषण ट्रॅकर भरायचा, मधेच गरोदर बायका येतात, सर्वेक्षण लागतं. तीन वर्षांच्या पोराच्या हातात चिंचोका दिला की एक डोळा त्याच्या नाकावर ठेवावा लागतो. गेल्या पावसाळ्यात एकाने नाकात घातला होता, आरोग्य केंद्रात नेऊन काढला. मणी, बिया हे सगळं खरं आहे, पण ते चार-पाच मुलांच्या गटात जमतं. तीस जणांत एकटी बाई फळ्यावर 'अ' काढते, कारण त्याने खोली शांत बसते. आम्हाला कृती येत नाही असं कुणी समजू नये, प्रशिक्षणात सगळं केलंय. तुम्ही लोकांनी मागणी करायची तर आणखी एका बाईची करा.

आणि बिया गोळा करायला मुलांना पाठवणार असाल तर गुंज कटाक्षाने टाळा. लाल-काळी सुंदर दिसते, पण फुटलेली बी पोटात गेली तर विषारी.

रानजाई
गुंजेचं लिहिलंत ते फार बरं केलंत, अजूनही कितीतरी ठिकाणी ती मोजायला वापरतात. माणसाच्या मागणीवर तुमच्याशी पूर्ण सहमत.

तिसरी_इयत्ता_पुणे
एक गोष्ट या चर्चेत निसटते आहे. हाताने शिकणं आणि अक्षरं शिकणं यांत भांडण आहे असं सगळे धरून चाललेत. इटलीतल्या डॉक्टर आणि शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरींची पहिली बालशाळा ६ जानेवारी १९०७ ला रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत उघडली. तिथल्या आयांना वाचता येत नव्हतं, आणि मुलांना लिहा-वाचायला शिकवा असा आग्रह त्यांनीच धरला. म्हणजे साधा_बाप यांचंच म्हणणं. माँटेसरींनी नकार दिला नाही. त्यांनी खरखरीत कागदाची अक्षरं कापून पाट्यांवर चिकटवली. मूल दोन बोटांनी ते वळण फिरवतं, तोंडाने उच्चार करतं, डोळ्याने बघतं. त्याआधी वर छोटी मूठ असलेले लाकडी दट्टे भोकांत बसवून तीन बोटांची पकड तयार झालेली असते. चार-पाच वर्षांची मुलं तिथे लिहू लागली, तीही गिरवण्याची वही न वापरता.

मराठीत तर याचा उपयोग जास्त. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांतला फरक कागदावर सूक्ष्म दिसतो. बोट फिरलं की गाठ कुठे आहे ते हाताला कळतं.

साधा_बाप
हे पटलं. अक्षर द्या, वाटल्यास वाळूवर द्या. माझी हरकत "नंतर" या शब्दाला होती. पण मग रानजाईताई, तुमच्या शीर्षकातली अट पालकांना काय सांगते? "या बालवाडीत शिकवत नाहीत" असंच ते ऐकतात आणि पोराला शेजारच्या इंग्रजी नर्सरीत घालतात, जिथे तीन वर्षांच्या मुलाला गृहपाठ असतो.

रानजाई
अट वहीची आहे, अक्षरांची नाही. वाळूची अक्षरं साडेतीन-चारपासून मीही देते. पण पालक काय ऐकतात हा तुमचा प्रश्न रास्त आहे. आम्ही महिन्यातून एका शनिवारी पालकांना वर्गात बसवतो. मूल तांदूळ चाळताना त्यांनी पाहिलं, त्यानंतर तेच मूल खरखरीत 'क' फिरवताना पाहिलं, की वहीचा प्रश्न निम्मा कमी होतो. उरलेल्या निम्म्यांशी मी वाद घालत राहीन. रेघांत बसवलेलं चार वर्षांचं मूल मला सहन होत नाही.

पाड्यावरची_सेविका
खरखरीत कागद म्हणजे पॉलिश पेपर ना, हार्डवेअरच्या दुकानातला? किती नंबरचा घ्यायचा? जाड असला तर पोरांची बोटं सोलतील.

तिसरी_इयत्ता_पुणे
तोच. बारीक दाण्याचा घ्या, आधी स्वतःच्या बोटावर फिरवून बघा. पुठ्ठा जाड हवा, आणि अक्षर निदान वीतभर उंच कापा. नाही मिळाला तर डिंकाने अक्षर काढून त्यावर चाळलेली कोरडी वाळू टाका, वाळल्यावर झटका.