नागपूर चालतं, सुरत चालत नाही? जीएसटी नंबर घ्यावा का

समईवाली (जुनं नाशिक)

भांडी बाजारात आमचं तांब्या-पितळेचं छोटं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलेलं, आता मी बघते. समया, घंगाळं, ताम्हणं, आणि यात्रेकरू गंगेचं (आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो) पाणी न्यायला घेतात ते तांब्याचे गडू. वर्षाची उलाढाल 26 लाखांच्या आसपास. माल विकणाऱ्याला 40 लाखांपर्यंत जीएसटी नोंदणीतून सूट आहे एवढं ठाऊक होतं, म्हणून नंबर घेतला नाही.

गेल्या दिवाळीत एक ताई आल्या. अर्धा तास समया बघितल्या, मी चार खाली उतरवून पुसून दाखवल्या. त्यांनी फोटो काढला आणि माझ्यासमोरच मोबाइलवर तसलीच शोधली. "काकू, इथे दीडशेने स्वस्त आहे." मी म्हटलं, वजन किती लिहिलंय बघा. लिहिलेलंच नव्हतं! पण गेल्या त्या गेल्याच.

तेव्हापासून मुलगा मागे लागलाय, आपणही विक्रीच्या ॲपवर जाऊ. फॉर्म भरायला बसलो तर पहिल्याच पानावर जीएसटी नंबर. कोणी म्हणतं ऑनलाइनला सूट नाहीच, कोणी म्हणतं महाराष्ट्रापुरती आहे. खरं काय? आणि हजाराच्या गडूमागे कापलं किती जातं? सुरतच्या एका बाईंनी व्हॉट्सॲपवर सहा ताम्हणं मागितलीत, तीही भीतीपोटी पाठवलेली नाहीत.

हिशेबनीस (नाशिकरोड)

काकू, दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे. पूर्वी ॲपवर एक रुपयाचा माल विकायचा तरी नंबर लागायचा. 1 ऑक्टोबर 2023 पासून उलाढाल सुटीच्या मर्यादेत असेल तर नंबराशिवाय विकता येतं, पण फक्त आपल्या राज्यात. त्यासाठी जीएसटी पोर्टलवर पॅन देऊन एनरोलमेंट नंबर काढायचा आणि तो ॲपला द्यायचा.

ताम्हणं थांबवलीत ते बरं केलंत. माल राज्याबाहेर धाडला की ॲप असो की व्हॉट्सॲप, नंबर सक्तीचा. त्याच बाई रामकुंडावर आल्या आणि तुमच्याकडून ताम्हणं पिशवीत घालून घेऊन गेल्या, तर मात्र ती महाराष्ट्रातलीच विक्री. गंमत आहे, पण कायदा तसाच आहे.

कापण्याचं म्हणाल तर एनरोलमेंटवाल्यांचा टीसीएस, म्हणजे विक्रीच्या पैशातून आधीच कापून सरकारकडे भरायचा जीएसटी, ॲप कापत नाही. नंबर घेतलात तर करपात्र रकमेवर अर्धा टक्का, जुलै 2024 आधी एक टक्का होता. आयकरापोटी आधीच कापतात तो टीडीएस वेगळा, 0.1 टक्का, तुमच्या एकटीच्या नावावर ॲपवरची विक्री वर्षाला 5 लाखांच्या आत असेल आणि पॅन दिलेला असेल तर तोही नाही. म्हणजे गडूमागे पाच-सहा रुपये, आणि तेही तुमच्याच खात्यात जमा दिसतात. खरा भार पुढे आहे. नंबर आला की गल्ल्यावरच्या सगळ्या 26 लाखांवरही कर लावायचा. भांड्यांवर सप्टेंबर 2025 पासून 12 ऐवजी 5 टक्के आहे हे त्यातल्या त्यात बरं, शिवाय खरेदीवर भरलेला वजा होतो. कंपोझिशन, म्हणजे लहान दुकानदारांची सोपी योजना, घेतलीत तर उलाढालीवर 1 टक्काच, पण खरेदीची वजावट नाही आणि राज्याबाहेरही जाता येत नाही.

गोधडीवाली (सिडको)

मी नंबर घेऊन दीड वर्ष झालं. काकू, टक्क्यांना घाबरू नका, तारखांना घाबरा. पावसाळ्यात दोन महिने एक गोधडी गेली नाही, तरी रिटर्न भरायचाच. मला वाटलं विक्री शून्य तर भरायचं काय? दिवसाला 20 रुपये लेट फी लागली. आणि तो टीसीएस "खात्यात जमा दिसतो" म्हणतात ना, तो पोर्टलवर जाऊन आपण स्वीकारावा लागतो. मला सहा महिने कोणी सांगितलंच नाही. वर अकाउंटंटचे महिना हजार. ॲपचं कमिशन, त्यावर 18 टक्के जीएसटी. बाकी ऑर्डरी पुण्या-मुंबईपेक्षा बंगळुरूहून जास्त येतात, म्हणून नंबर ठेवलाय.

पंचवटीची (सध्या न्यू जर्सी)

इथे अमेरिकेत 2018 मध्ये साउथ डकोटा राज्य विरुद्ध वेफेअर ही ऑनलाइन कंपनी, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला तेव्हा लहान दुकानदारांनी असाच धसका घेतला होता. त्याआधी ज्या राज्यात दुकान किंवा गोदाम नाही तिथला सेल्स टॅक्स गोळा करायची सक्ती नव्हती. नंतर ती करायची मुभा राज्यांना मिळाली आणि राज्यागणिक वेगळे नियम आले. पण साउथ डकोटाने त्या राज्यातल्या विक्रीसाठी मर्यादा ठेवली होती: वर्षाला 1 लाख डॉलर किंवा 200 व्यवहार. पुढे 200 ची अटही काढली. म्हणजे परराज्यात सहा ताम्हणं पाठवणाऱ्याला त्यांनी सोडलं. आपल्याकडे सीमा ओलांडली की मर्यादाच शून्य.

समईवाली (जुनं नाशिक)

हेच मला डाचतंय. सुरत इथून पाच-सहा तासांवर, नागपूरला जायचं तर रात्र गाडीत काढायची. नागपूरला बिननंबराचा गडू चालतो, सुरतेला नाही. कर द्यायला माझी ना नाही. घाऊकवाल्याच्या बिलात 5 टक्के मी आजही भरतेच, ते वजाही होत नाहीत. पण सहा ताम्हणांसाठी गल्ल्यावरचं अख्खं दुकान रिटर्नमध्ये घालायचं?

मुलाशी बोलले. सध्या एनरोलमेंट नंबर काढतोय, महाराष्ट्रापुरतंच विकू. सिंहस्थात गडू किती जातात ते बघून पुढचं पुढे. प्रत्येक समईखाली वजन मोठ्या अक्षरात लिहायला सांगितलंय. सुरतच्या बाईंना कळवलं, त्या म्हणाल्या त्र्यंबकला येणारच आहोत, तेव्हा घेऊन जाऊ.

गोधडीवाल्या ताई, तुमचं काम मऊ. समईचा दांडा वाटेत वाकू नये म्हणून खोक्यात काय भरतात, कोणी सांगेल का? मुलगा भाताचा पेंढा म्हणतोय.