अण्णांना २०२७च्या वर्ल्ड कपला जोहान्सबर्गला न्यायचंय, चार्टर विमान ठरवताना काय बघू?

ज्योती_वागळेइस्टेट

नमस्कार. मी ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये एका प्रेस-टूलच्या कारखान्यात २००१ पासून आहे. आधी बिलं टाईप करायचे, आता साहेबांचं सगळं ऑफिस बघते. विमानाची तिकिटं, व्हिसा, हॉटेलं हे माझ्या हातचं काम आहे, पण अख्खं विमान भाड्यानं घ्यायची वेळ आयुष्यात पहिल्यांदा आली आहे.

प्रवास अण्णांसाठी आहे. अण्णा म्हणजे साहेबांचे वडील, वय ७९. हा कारखाना त्यांनी दोन हँडप्रेसवर उभा केला. २३ मार्च २००३, रविवार होता. जोहान्सबर्गच्या वाँडरर्स मैदानावरची वर्ल्ड कप फायनल बघायला अण्णांनी सगळ्या कामगारांना बायका-मुलांसकट बोलावलं होतं आणि टीव्ही शॉप फ्लोअरवर आणून ठेवला होता. ऑस्ट्रेलियाच्या ३५९ धावा झाल्या तरी कोणी हललं नाही. मग सचिन पहिल्याच षटकात गेला. अण्णांनी हातातला कप प्रेसच्या टेबलावर ठेवला, तो रात्री मीच उचलला, भरलेला. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, आफ्रिकेत परत वर्ल्ड कप होईल तेव्हा मी तिथं बसलेला असेन. त्याच महिन्यात त्यांनी पासपोर्टचा अर्ज भरला. फोटो मीच चिकटवले होते.

ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२७ मध्ये वर्ल्ड कप दक्षिण आफ्रिका, झिम्बाब्वे आणि नामिबियात आहे. पण २०२२ मध्ये अण्णांना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू कमजोर आहे. चाळीस-पन्नास मिनिटांपेक्षा जास्त बसवत नाही, आडवं व्हावं लागतं. म्हणून साहेबांनी चार्टरचं ठरवलं. एकूण नऊ जण, त्यात अण्णांचा मदतनीस मुलगा आणि साहेबांची सात वर्षांची नात. आठ-दहा दिवस.

आतापर्यंत दोन दलालांशी बोलले. पहिल्यानं ताशी साडेचार लाखांचा आकडा दिला आणि विमानाच्या आतले फोटो पाठवले, सोफे, काचेचे पेले वगैरे. दुसऱ्यानं कलिन्याला, मुंबई विमानतळाच्या खासगी विमानांच्या बाजूला, नेऊन एक विमान दाखवलं. मी पर्समधून टेप काढला आणि शिडी मोजली. सहा पायऱ्या, रुंदी जेमतेम दोन फूट, कठडा एकाच बाजूला आणि तोही डाव्या हाताला. अण्णांचा डावा हातच चालत नाही. तो माणूस म्हणाला, "दोघं उचलून नेतील की." अण्णांना उचललेलं चालत नाही. घरीही ते उजव्या हातानं कठडा धरून एकेक पायरी चढतात, दहा मिनिटं लागली तरी.

म्हणून विचारते. विमान कसं निवडायचं? थेट जातं का? पैसे कशाकशाचे लागतात? आणि आमचं ठरवायचं चुकत तर नाही ना?

ऐरोलीकर_काका

ज्योतीताई, टेप काढलात हे फार बरं केलंत. मी बत्तीस वर्षं फ्लाइट डिस्पॅचमध्ये, म्हणजे उड्डाणाचा मार्ग आणि इंधन आखून देण्याच्या कामात होतो, शेवटची अकरा वर्षं फक्त छोट्या जेटची कामं केली. पार्टी येते, फोटो बघते, रंग आवडला की होकार देते. शिडी कोणी मोजत नाही.

आधी अंतर. मुंबई ते जोहान्सबर्ग सुमारे ७,००० किलोमीटर. आठ सीटची जी मध्यम जेट आपल्याकडे जास्त मिळतात त्यांची कागदावरची झेप साडेचार-पाच हजार किलोमीटर असते, म्हणजे वाटेत थांबून इंधन घ्यावंच लागणार. शिवाय तुम्ही नऊ जण, तेव्हा ती तशीही बाद. चॅलेंजर ६०५ सारखं मोठं विमान कागदावर ७,४०० पर्यंत जातं, पण नऊ माणसं, सामान, समोरचा वारा आणि राखीव इंधन धरलं की तेही थेट नेण्याची हमी मी देणार नाही. ग्लोबल ६००० किंवा गल्फस्ट्रीम जी ६५० आरामात थेट जातात. आत माणूस ताठ उभा राहतो, सीट सपाट होऊन पलंग होतो. भाडं मात्र त्याच मापाचं.

आता जे दलाल सांगत नाहीत ते सांगतो. जाताना विमान थेट गेलं म्हणून येताना येईलच असं नाही. जोहान्सबर्गचा मोठा विमानतळ, ओ. आर. टॅम्बो, समुद्रसपाटीपासून जवळपास १,७०० मीटरवर आहे. लॅन्सेरिया, जिथं छोटी जेट जास्त उतरतात, ते १,४०० च्या आसपास. उंचीवर हवा विरळ, त्यात ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे तिथं उन्हाळा लागायचे दिवस. इंजिनाला जोर कमी मिळतो, पंखाला उचल कमी मिळते, म्हणून टाक्या काठोकाठ भरून उठता येत नाही. त्यामुळे परतीचा थांबा आत्ताच कोटेशनमध्ये लिहून मागा. आणि तिथून निघायचं ते सकाळीच. त्या दिवसांत दुपारनंतर तिकडे गडगडाटी पाऊस रोजचा म्हटला तरी चालेल. संध्याकाळचं उड्डाण ठेवलंत तर अण्णा विमानतळावर बसून राहतील.

थांबा कुठं घ्यायचा, तर माझं मत सेशेल्समधलं माहे. मुंबईहून साधारण ३,३०० किलोमीटर, तिथून जोहान्सबर्ग ३,८०० च्या आसपास. जवळजवळ मध्यावर. पार्टी विमानातच बसून राहते, तासाभरात इंधन भरून पुढे. नैरोबी सुचवतील, स्वस्तही पडेल, पण घेऊ नका. केनिया यलो फीवरचा (पीतज्वराचा) धोका असलेल्या देशांच्या यादीत आहे. तिथून आलेल्या माणसाकडे लसीचा दाखला नसेल तर भारतात परतल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरण होऊ शकतं. विमानतळाबाहेर पाऊल टाकलं नाही तर सूट आहे, पण ती आरोग्य अधिकाऱ्यानं मान्य केली तरच. ७९ वर्षांच्या माणसाला घेऊन त्या खिडकीसमोर उभं राहू नये.

पैशाचं थोडक्यात. ताशी दर म्हणजे फक्त उडण्याचा. विमान दुसऱ्या शहरातून येणार असेल तर ती रिकामी फेरी तुमच्या माथी. आठ दिवस विमान तिथं उभं ठेवलंत तर पार्किंग, पायलटांची हॉटेलं, आणि बरेच ऑपरेटर (विमान चालवणाऱ्या कंपन्या) रोजचे किमान दोन तास उडाल्याचे धरून पैसे लावतात. परत पाठवलंत तर दोन रिकाम्या फेऱ्या. दोन्ही हिशेब लेखी मागा. वाटेतल्या देशांच्या आकाशातून जाण्याचे पैसे, हँडलिंग (विमानतळावरची जमिनीवरची सेवा), जीएसटी वेगळे. थांबा धरून पायलटांचे ड्युटीचे तास भरत असतील तर तिसरा पायलट लागेल, त्याचीही एक सीट जाते.

आणि सगळ्यात आधी विमानाचा नोंदणी क्रमांक घ्या, व्हीटी ने सुरू होणारा. ते डीजीसीएच्या (सरकारी विमान नियामकाच्या) नॉन-शेड्यूल्ड ऑपरेटर परमिटवर, म्हणजे विमान भाड्यानं द्यायच्या परवान्यावर, आहे का हे बघा, परमिटची प्रत मागा. खासगी वर्गात नोंदलेलं विमान भाड्यानं देता येत नाही. तरी देतात, दर कमी लावतात. काही झालं तर विमा कंपनी हात वर करते.

कोलशेतरोड_मंदार

काकांच्या शेवटच्या परिच्छेदाला माझ्याकडून दहा वेळा हो.

१९ नोव्हेंबर २०२३, अहमदाबादची फायनल. आम्ही सात मित्रांनी पैसे जमवून विमान केलं होतं. जाताना सगळं छान. आम्हाला उतरवल्यावर पायलट म्हणाला, इथं पार्किंग नाही, विमान दुसऱ्या शहरात नेऊन ठेवतोय, रात्री येतो. करारात हे कुठंच नव्हतं. त्या फेरीचे पैसे आमच्याकडून घेतले. मॅच हरलो, बाहेर आलो, आणि परतीचा स्लॉट, म्हणजे उड्डाणाची नेमून दिलेली वेळ, मिळाला पहाटे चार वाजता. आमच्यातल्या एकाचे वडील सोबत होते, शुगरवाले. बारानंतर तिथं खायला मिळेना. मी टर्मिनलमधल्या सफाई कामगाराच्या डब्यातली पोळी मागून त्यांना दिली. त्यानं न बोलता दोन दिल्या.

ताई, वर्ल्ड कपला विमान उतरवणं सोपं असतं, ते उभं करायला जागा मिळणं अवघड. पार्किंग आणि परतीचा स्लॉट ऑपरेटरनं हातात घेतल्याची पावती दाखवल्याशिवाय पुढचा हप्ता देऊ नका. मुंबईचंही बघा. इथं २०२४ पासून गर्दीच्या वेळांत, दिवसातले मिळून आठ तास, छोट्या जेटना बंदी घातली होती. निघायची वेळ तुमच्या सोयीनं नाही ठरत. अण्णांची औषधं आणि झोप त्या वेळेवरून आखा.

डॉ_नेरूळ

मी फिजिशियन आहे, झटका येऊन गेलेले पेशंट रोज बघते. ज्योती, तुम्ही अण्णांचा उजवा हात लक्षात ठेवलात हे वाचून बरं वाटलं.

प्रवासाबद्दल सगळे बोलले, मी मुक्कामाबद्दल बोलते. काकांनी १,७०० मीटर सांगितलं ते विमानाच्या दृष्टीनं. अण्णांच्या दृष्टीनं बघा. आपलं महाबळेश्वर साधारण १,३५० मीटर. जोहान्सबर्ग त्याहूनही उंच, आणि तिथं तुम्ही आठ-दहा दिवस राहणार. तरुणाला काही जाणवत नाही. हृदय किंवा फुप्फुस कमजोर असेल तर जिना चढताना दम लागतो, रात्री झोप मोडते. केप टाऊन आणि डर्बन समुद्राकाठी आहेत. तिथली न्यूलँड्स, किंग्समीड दोन्ही मैदानं वर्ल्ड कपच्या यादीत आहेत. माझा सल्ला असा की मुक्काम खाली केप टाऊनला ठेवा आणि वाँडरर्ससाठी दोनच दिवस वर जा. त्यासाठी आधी टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी), विश्रांतीतलं आणि चालल्यानंतरचं ऑक्सिजनचं प्रमाण, आणि त्यांच्या न्यूरॉलॉजिस्टचं लेखी मत घ्या. ऑक्सिजन सोबत लागेल असं ठरलं तर घरचा सिलिंडर विमानात चालत नाही, कॉन्सन्ट्रेटरचं (हवेतून ऑक्सिजन काढणाऱ्या यंत्राचं) मॉडेल ऑपरेटरकडून आधी मंजूर करून घ्यावं लागतं.

नैरोबी टाळायचं आणखी एक कारण. यलो फीवरची लस साठीच्या पुढे जपून द्यावी लागते, गंभीर परिणामांचा धोका वाढतो. "लस घेऊन टाकू" हा अण्णांसाठी सोपा मार्ग नाही.

पडून राहता येतं म्हणून सलग झोपवू नका. दीड-दोन तासांनी उठवून चार पावलं चालवा, पोटऱ्या दाबून द्या. कमजोर पायात गाठ व्हायची भीती जास्त असते. म्हणून मलाही वाटतं, माहेचा थांबा आला तर त्याला अडचण समजू नये.

नातीचं एक. दक्षिण आफ्रिकेच्या व्हिसाला मुलांच्या जन्मदाखल्यावर आई-वडील दोघांची नावं लागतात, आणि दोघांपैकी एकच सोबत असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्र. आत्ताच काढून ठेवा.

ज्योती_वागळेइस्टेट

तुम्हा तिघांचं मी प्रिंट काढून साहेबांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी पेन घेऊन वाचलं. दोन्ही दलालांना आज मेल गेली: नोंदणी क्रमांक, परमिटची प्रत, माहेचा थांबा दोन्ही बाजूंनी, पार्किंगची पावती, विमान थांबवून आणि परत पाठवून असे दोन हिशेब. पहिल्याचं उत्तर तासाभरात आलं, त्यात परमिटबद्दल एक शब्द नाही. त्याला नकार कळवला.

डॉक्टर, केप टाऊनचं अण्णांना मी स्वतः सांगितलं. मला वाटलं रागावतील. ते म्हणाले, वाँडरर्सवर एक दिवस बसलो की झालं, बाकीचे दिवस समुद्र बघू. गुरुवारी इको आहे.

काका, एक राहिलं. शिडीचा कठडा उजवीकडे असलेलं विमान असतं का?

ऐरोलीकर_काका

मोठ्या जेटमध्ये बऱ्याचदा दोन्हीकडे असतो, पण ऑपरेटरला त्याच विमानाचा, दार उघडून शिडी खाली केलेला फोटो मागा. आतले नकोत. आणि हँडलिंगवाल्याकडे अँब्युलिफ्ट, म्हणजे माणसाला विमानाच्या दारापर्यंत वर नेणारी गाडी, सांगून ठेवा. मुंबईला, माहेला, तिकडे, तिन्हीकडे. लागली नाही तर उत्तम, पण कागदावर असू द्या. अण्णा कठडा धरून चढू लागले की बाकीच्यांना आधी आत बसवा आणि पायलटला सांगा, घाई नाही. स्लॉटच्या आधी पाऊण तास विमानापाशी पोचा, म्हणजे त्यांची दहा मिनिटं कोणाला टोचणार नाहीत.

इको झाला की इथं कळवा. ऐरोलीहून वागळे इस्टेट फार लांब नाही, करार आला की मी येऊन वाचून देतो.