मदत हवी आहे: ठासणीचं रिव्हॉल्व्हर पहिल्यांदाच चालवायचंय (रेमिंग्टन १८५८ची प्रतिकृती)

पुणेकर_इंडियानात

मंडळी, मुक्काम इंडियानापोलिस. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने निवृत्त होताना त्याच्याकडचं रेमिंग्टन न्यू मॉडेल आर्मीचं रिव्हॉल्व्हर मला विकलं. खरं जुनं नव्हे, इटलीतल्या पिएट्टा कंपनीने बनवलेली प्रतिकृती. कॅलिबर .४४, पोलादी फ्रेम, सहा चेंबर (दारू-गोळी भरायचे खण). नळीवर ‘ब्लॅक पावडर ओन्ली’ असं कोरलेलं आहे. त्याच्याकडे ते शोभेला भिंतीवर होतं, एकदाही चालवलेलं नाही.

सगळे याला ‘१८५८’ म्हणतात, पण ते पेटंटचं साल. हे मॉडेल १८६३पासून बनू लागलं, ऐन यादवी युद्धात. फेब्रुवारी १८६४मध्ये कोल्टचा हार्टफर्डचा कारखाना जळाला आणि सैन्याची मागणी रेमिंग्टनकडे वळली. असा इतिहास भरपूर वाचून झालाय. प्रत्यक्ष दारू ठासायचा विचार आला की मात्र हात थबकतो. आधुनिक पिस्तूल रेंजवर चालवलंय, पण तिथे काडतूस तयार मिळतं. इथे काडतूस आपणच बनवायचं, तेही रिव्हॉल्व्हरच्या आत.

मुख्य भीती चेन फायरची. एका चेंबरची आग शेजारच्या चेंबरमध्ये शिरते आणि न झाडलेली गोळीही सुटते म्हणे. कोणी म्हणतं गोळीवर ग्रीस थापा, कोणी म्हणतं ग्रीस व्यर्थ आहे, वॅड (गोळीखाली ठेवायची फेल्टची चकती) वापरा. एक जण तर म्हणाला, आग पुढून येतच नाही, मागून, म्हणजे घोडा पडला की फुटून ठिणगी देणाऱ्या टोपीच्या बाजूने येते. खरं काय?

दुसरं, दारू किती आणि कोणती? तिसरं, सफाई. मी अपार्टमेंटात राहतो, अंगण नाही. गरम पाण्याने धुवा असं वाचलं. बंदूक पाण्याने धुवायची? बायकोने ‘माझ्या सिंकमध्ये नाही’ असं आधीच बजावलंय.

लिंबूटिंबू

उत्तर माहीत नाही, पण कायद्याचं काय हो? ग्रीन कार्ड वगैरे लागतं का? भारतात सुट्टीला येताना आणता येईल का?

दारूगोळा

लिंबूटिंबू, आधी तुमचं. अमेरिकेच्या १९६८च्या गन कंट्रोल ॲक्टमध्ये अशा टोपीच्या प्रतिकृतीला ‘अँटिक’ धरतात, त्यामुळे केंद्राच्या कायद्यात ती ‘फायरआर्म’ ठरत नाही. पण राज्यांचे कायदे वेगळे आहेत. न्यू जर्सीत हीच वस्तू साध्या पिस्तुलासारखी मोजतात, परवाना लागतो. तेव्हा आपापल्या राज्याचा नियम वाचणे. भारतात आणायचा विचारसुद्धा नको. तिथे १९५९चा शस्त्र कायदा आहे, परवान्याशिवाय हे सरळ बेकायदा शस्त्र. कस्टमवाल्यांना ‘अहो, ही तर प्रतिकृती’ म्हणून काही उपयोग नाही.

आता पुणेकर. पोलादी फ्रेम घेतलीत हे बरं झालं. पितळी फ्रेम स्वस्त मिळते, पण जास्त दारूने हळूहळू ताणली जाते.

दारू: खरी ब्लॅक पावडर, थ्री-एफ (बारीक) दाण्याची. न मिळाल्यास पायरोडेक्स पी ही बदली पावडर. ट्रिपल सेव्हन ही दुसरी बदली पावडर मिळाली तर लक्षात ठेवा, ती जास्त जोरकस असते, माप साधारण १५ टक्क्यांनी कमी घ्यायचं. आधुनिक स्मोकलेस पावडर चिमूटभरही नाही. तिचा दाब या पोलादासाठी नाही, सिलिंडर हातात फुटतो. सुरुवात २५ ग्रेनने करा, म्हणजे जेमतेम दीड ग्रॅमच्या वर. मोजायची मापाने, तराजूने नाही. बदली पावडरींचं वजन वेगळं असतं, म्हणून सगळी मापं आकारमानाची. ३० ग्रेनच्या वर जायचं कारणच नाही, नुसता धूर वाढतो आणि नेम बिघडतो. डब्यातून थेट चेंबरमध्ये ओतू नका. आत ठिणगी राहिली असेल तर अख्खा डबा हातात पेटेल. आधी मापात, मग मापातून चेंबरमध्ये.

गोळी शुद्ध मऊ शिशाची, गोल. पिएट्टाला ०.४५१ इंचाची चालते, काही जण ०.४५४ची घेतात. तुमच्या चेन फायरच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. गोळी चेंबरपेक्षा किंचित मोठी हवी. दट्ट्याने (नळीखालच्या लिव्हरने) दाबली की कडेने शिशाची बारीक, अखंड कडी कापून निघाली पाहिजे. ती निघाली म्हणजे चेंबर पुढून बंद झालं. कडी तुटक निघाली किंवा निघालीच नाही तर गोळी लहान आहे, मग वर किलोभर ग्रीस थापून उपयोग नाही. उरलेलं अर्धं उत्तर मागे. टोपी सैल असेल तर शेजारच्या स्फोटाच्या झटक्याने ती पडते आणि ती जिथे बसते त्या निपलचं भोक उघडं राहतं. पिएट्टाच्या मूळ निपलवर सहसा १० नंबरची टोपी घट्ट बसते. ११ नंबर सैल वाटली तर जरा चिमटून बसवतात, पण माझं मत, नीट बसणारी टोपीच घ्या. पुढून की मागून, हा वाद रेंजवर संध्याकाळ घालवायला छान आहे. आपण दोन्ही दारं लावायची.

गोळी आणि दारू यांच्यात हवेची पोकळी ठेवू नका. गोळी दारूवर टेकेपर्यंत दाबायची. कमी दारू भरलीत तर मध्ये मक्याचं पीठ टाकतात.

ग्रीसचं म्हणाल तर पहिल्याच बाराला ते शेजारच्या चेंबरांवरून उडून जातं, उन्हाळ्यात वितळून हातभर पसरतं. त्याचा खरा फायदा म्हणजे काजळी मऊ राहते. मी मेण आणि चरबीत भिजवलेला फेल्टचा वॅड दारूवर ठेवतो, वर गोळी. हात स्वच्छ राहतात.

चिंचगुळ

काडतुसाला चरबी? १८५७ विसरलात का राव?

दारूगोळा

शाकाहारी पर्याय आहे. इथले बरेच जण क्रिस्को वापरतात, म्हणजे आपला डालडा. मेणात ऑलिव्ह ऑइल मिसळूनही चालतं. मंगल पांडेही खूश.

माडबन

मी अमेरिकेत नाही, रत्नागिरीत असतो. आमच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक आहे, आजोबांपासून. रानडुकरं आणि माकडं यांच्यासाठी. रिव्हॉल्व्हर हातात धरलेलं नाही, पण दारू तीच आणि गंजही तोच. कोकणातल्या पावसात बार काढून बंदूक तशीच ठेवली तर सकाळी नळीत तांबडं दिसतं.

पाण्याने धुवायची का, तर हो, पाण्यानेच. वडील नळीत कढत पाणी ओततात. काळं पाणी येतं, मग राखाडी, मग नितळ. नंतर गजाला चिंधी गुंडाळून कोरडी होईपर्यंत पुसायची आणि खोबरेल तेलाचा हात. निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते, तेव्हा तर दुप्पट तेल लावून देतो. तिथे कोण पुसणार?

खलबत्ता

माडबनकाकांचं बरोबर आहे, त्यामागचं कारण सांगतो (पेशाने केमिस्ट). ब्लॅक पावडर म्हणजे साधारण ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा, १० टक्के गंधक. जळल्यावर निम्म्याहून जास्त वजन घन रूपात मागे राहतं, मुख्यतः पोटॅशियमचे क्षार: कार्बोनेट, सल्फेट, सल्फाइड. हे हवेतली ओल ओढतात आणि पोलाद खातात. क्षार पाण्यात विरघळतात, तेलात नाही. म्हणून नुसतं तेल लावून ठेवणं म्हणजे क्षार झाकून ठेवणं. सिंकबद्दल वहिनींचं म्हणणं रास्त आहे, कारण त्या काळ्या पाण्यात शिसंही असतं. वेगळी बादली ठेवा, हात साबणाने धुतल्याशिवाय खाऊ नका. सल्फाइडमुळे सडक्या अंड्याचा वास येणार, तो मात्र येणारच.

फक्त उकळत्या पाण्याशी मी सहमत नाही. धातू इतका तापतो की पाणी उडून जाताना त्यावर लगेच तांबूस पापुद्रा धरतो. कोमट पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब पुरतात.

माडबन

आमच्या नळीवर साठ वर्षांत पापुद्रा धरला नाही हो. पण तुम्ही केमिस्ट.

दारूगोळा

दोघांचंही चालतं, पुढचं पुसणं महत्त्वाचं. क्रम असा ठेवा: आधी खात्री की सगळी चेंबर रिकामी आणि निपलवर एकही टोपी नाही. लाकडी मूठ काढा, ती पाण्यात जाता कामा नये. सिलिंडर काढा, निपल पान्याने सोडवा. सगळं धुवा, निपलच्या भोकातून पाणी आरपार जातंय का पाहा. मग हेअर ड्रायर, किंवा ओव्हनमध्ये सुमारे ९० अंश सेल्सिअसवर थोडा वेळ. नंतर बॅलिस्टॉल हे बंदुकीचं तेल. साधं पेट्रोलियमचं तेल नळीत राहिलं तर पुढच्या वेळी काजळीशी मिळून डांबरासारखं चिकटतं. दुसऱ्या दिवशी पांढरी चिंधी एकदा फिरवून बघा. तांबूस आली तर परत धुणे.

पुणेकर_इंडियानात

सगळ्यांचे आभार. कालच रेंजवर जाऊन आलो. इनडोअर रेंजने धुरामुळे ब्लॅक पावडरला नकार दिला, म्हणून शहराबाहेरची उघडी रेंज गाठली. पाचच चेंबर भरली, सहावं रिकामं. शिशाची कडी दर वेळी पूर्ण निघाली. आवाज ‘ठो’ नसून ‘धब्ब’ असा, आणि धूर एवढा की निशाण कुठे लागलं ते पाहायला थांबावं लागतं. शेजारच्या आजोबांनी आपली एआर-१५ रायफल खाली ठेवली आणि बघत बसले.

दोन शंका. पहिल्या फेरीत दोनदा टोपी फुटली, बार निघाला नाही. आणि तिसऱ्या फेरीपर्यंत सिलिंडर इतका जड झाला की घोडा ओढताना दुसरा हात लावावा लागला. काही बिघडलंय का?

दारूगोळा

बिघडलेलं नाही. टोपी फुटून बार न निघणं बहुतेक कंपनीच्या तेलामुळे. ते तेल चेंबरच्या तळाशी आणि निपलमध्ये साचतं, दारू ओली होते. भरण्याआधी चेंबर सुक्या चिंधीने पुसायची, मग रेंजवरच रिकाम्या चेंबरांवर एकेक टोपी फोडायची. नळी जमिनीजवळ गवताकडे धरा. पातं हललं तर वाट मोकळी आहे. कानाला आणि डोळ्याला संरक्षण तेव्हाही हवंच. बार निघाला नाही तर रिव्हॉल्व्हर लगेच वळवून बघायचं नाही. नळी निशाणाकडेच ठेवून निदान मिनिटभर थांबा, उशिरा पेट घेणारी दारू असते. मग नवी टोपी. भरलेली चेंबर तिथेच झाडून रिकामी करायची, घरी न्यायची नाहीत.

सिलिंडर जड होणं हा रेमिंग्टनचा जुना स्वभाव आहे. कोल्टमध्ये सिलिंडर ज्यावर फिरतो तो मधला दांडा जाड, त्यावर ग्रीस धरायला खोबणी असते. रेमिंग्टनची पिन बारीक आणि गुळगुळीत, काजळी थेट तिच्यावर बसते. त्या बदल्यात सिलिंडरच्या वर फ्रेमची भक्कम पट्टी मिळते आणि सिलिंडर क्षणात निघतो. तेव्हा दर दोन फेऱ्यांनी घोडा अर्धा ओढा, लिव्हर खाली करा, पिन पुढे ओढून सिलिंडर बाहेर घ्या. पिन आणि सिलिंडरचं तोंड ओल्या फडक्याने पुसा, पिनला तुमच्या डालड्याचा हात द्या, परत बसवा.

आणि सिलिंडरवर दोन चेंबरांच्या मध्ये खाचा दिसतील. घोडा त्या खाचेत टेकवला तर सहाही भरून चालतात. तरी सुरुवातीला पाचच भरताय ते चालू द्या. आज निपल परत बसवताना आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारं वंगण) लावा आणि फार आवळू नका, नाहीतर पुढच्या वेळी पाना फिरणार नाही.